पात्यातलं धुकं

कारखान्यात त्यांना सगळे मामा म्हणत. सख्खे मामा ते कुणाचेच नव्हते. त्यांना बहीणच नव्हती. पण नळाच्या कारखान्यात बफिंगच्या चाकापुढे उभं आयुष्य काढलेल्या माणसाला साहेब म्हणावं तर तो चिडतो आणि नुसती नावाने हाक मारावी तर जीभ अडते, तेव्हा मामा हेच सोयीचं पडलं. ओतकामातून आलेला खरबरीत, काळपट नळ मामांच्या हातात जायचा आणि चाकाखालून निघायचा तो असा, की बघणाऱ्याने त्यात बघून भांग पाडून घ्यावा. मामांचं तत्त्वज्ञान फार लांबलचक नव्हतं. ज्यात तोंड दिसतं ते झालं, ज्यात दिसत नाही ते अजून व्हायचं आहे.

घरीही तेच. दाराच्या कड्या, चहाची किटली, पलंगाचे पाय, सगळं लखलखीत. पहिल्यांदा आलेला पाहुणा किटलीत स्वतःचं फुगलेलं नाक बघून दचकायचा. मामी म्हणायच्या, "चकाकतं ते सगळं सोनं नसतं." मामा म्हणायचे, "नसेना. क्रोम असतं." हा विनोद त्या घरात इतका जुना झाला होता की आता दोघांपैकी कुणी हसत नसे, पण म्हणायचंही कुणी सोडलं नव्हतं.

मामींचं वळण वेगळं. त्यांची नोकरी झाली हॉस्पिटलात, ऑपरेशनची हत्यारं धुऊन, उकळून, पुसून मांडण्याच्या खोलीत. कात्रीच्या खिळ्यापाशी राहिलेला केसाएवढा डाग त्यांना खोलीच्या दारातून दिसायचा. तो दिसला नाही तर पलीकडच्या खोलीतल्या माणसाच्या जिवावर बेततं, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि त्या ते शेवटच्या दिवसापर्यंत विसरल्या नाहीत. त्यामुळे बोलणं कमी आणि बघणं फार, अशी सवय त्यांच्या अंगी मुरली. संसारात डोळा मामींचा आणि हात मामांचा, अशी वाटणी आपोआप झाली होती.

निवृत्त झाल्यावर मामींचा खांदा धरला. डॉक्टर म्हणाले व्यायाम करा, म्हणून त्या संध्याकाळी शाळेच्या सभागृहात जाऊ लागल्या. त्यांचा वर्ग सुटला की तिथेच दुसरा भरायचा. एक सर जपानी पद्धतीची तलवार शिकवायचे. मारामारी नाही, आरडाओरडा नाही; स्थिर उभं राहायचं, तलवार म्यानातून काढायची, हवेत एक वार, आणि परत म्यानात. मामी बुटाची नाडी बांधायला म्हणून बाकावर बसल्या आणि अख्खा तास नाडीच बांधत राहिल्या. पुढच्या आठवड्यात त्यांच्या हातात लाकडी तलवार आली. वर्ष सरायच्या आत खरी आली.

खरी, पण परवडणारी. थोर कारागिराने घडवलेली, काचेच्या पेटीत ठेवायची, अशी काही नव्हे. नवशिक्यांसाठी एका कारखान्यात बनवतात त्यातली. ती खोक्यातून निघाली तेव्हा मामा म्हणाले, "अगं, इतकी वर्षं जिभेवर भागत होतं ना आपलं?" मामी पातं खिडकीकडे धरून बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा असा काही झाला होता की मामांनी पुढचा तयार विनोद गिळून टाकला.

तेव्हापासून रविवारची सकाळ तलवारीची झाली. टेबलावर धुतलेली चादर घडी करून अंथरायची. म्यानातून पातं काढताना धार वरच्या अंगाला आणि पाठ म्यानाला टेकलेली, म्हणजे म्यान आतून चिरत नाही. मग मऊ कागदाने जुनं तेल पुसायचं, मुठीकडून टोकाकडे. मग रेशमी पुरचुंडीत बांधलेली दगडाची बारीक पूड पात्यावर हलकेच आपटायची; उरलंसुरलं तेल ती पूड पिऊन घेते. पुन्हा पुसायचं. मग बघायचं. शेवटी लवंगेच्या वासाच्या तेलाचा पुसट हात आणि परत म्यानात. हे चालू असताना बोलायचं नाही, कारण थुंकीचा कणसुद्धा त्या पोलादाला सोसत नाही. बोट तर लावायचंच नाही. मामांच्या मते यात काम थोडं आणि सोहळा फार होता. आमच्या चाकावर दिवसाला पाटीभर नळ निघतात, असं ते वर्तमानपत्राला उद्देशून म्हणत.

सगळ्यात जास्त वेळ जायचा तो बघण्यात. धारेच्या थोडी वर, मुठीपासून टोकापर्यंत, एक पांढुरकी नागमोडी रेघ होती. सरळ समोर धरलं तर दिसत नसे. पातं तिरकं करून दिव्याचा उजेड त्यावरून घसरवला की ती उमलायची. मामी हळूहळू पातं फिरवत, मुठीपासून टोकापर्यंत ती रेघ वाचत जायच्या.

"अहो, बघा ना. धुकं उतरल्यासारखं दिसतंय."

"हो हो. छान आहे," मामा मान वर न करता म्हणत.

"काय छान आहे?"

"तेच. तू म्हणतेस ते."

पालथ्या घड्यावर पाणी. पण मामींनी पाणी ओतायचं सोडलं नाही. दर रविवारी त्या दाखवत आणि दर रविवारी मामांना छान दिसे.

वर्गात एक रंगारी होता, स्वभावाने चांगला, पण माहिती असली की ती सांगितल्याशिवाय त्याला अन्न पचत नसे. तो एकदा म्हणाला, "मावशी, या किमतीत रेघ खरी नसते हं. ॲसिडने वरून काढतात. आम्ही दारावर लाकडाच्या रेषा रंगवतो ना, तसलंच." सर मध्ये पडले. म्हणाले, या किमतीत दोन्ही मिळतात, खरीही आणि काढलेलीही. कोपऱ्यात जरासं दगडावर घासलं की कळेल, बघायचं का? मामी नको म्हणाल्या. घरी येऊन त्यांनी हे मामांना सांगितलं. मामा म्हणाले, "रेघ खरी काय आणि खोटी काय, रेघ ती रेघ." मामी म्हणाल्या, "झाकली मूठ सव्वा लाखाची. मला दिसते तेवढी पुरे." पण त्या रविवारी त्या नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत बसल्या, एवढं मामांच्याही लक्षात आलं.

मग मामींच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि त्या तिच्याकडे राहायला गेल्या. जाताना किल्ल्या, दूध, कुंडीतली झाडं, सगळं सांगून झाल्यावर दारातून मागे वळून म्हणाल्या, "आणि तिला हात लावू नका."

आता, लावू नका म्हटलं नसतं तर मामांनी लावला नसता, असं आपण म्हणू शकतो. पण ते खरं नाही. मामी नसलेलं घर मामांना खायला उठायचं. दोन दिवस त्यांनी किटली घासली, कड्या घासल्या, आणि मग घासण्यासारखं काही उरलं नाही. रविवारी सकाळी चादर अंथरणारं कुणी नव्हतं. मामांनी तलवार काढली. तेल नाही, कागद नाही. नुसती काढली, मामी धरतात तशी खिडकीकडे धरली आणि पातं किती गुळगुळीत आहे ते बघायला सवयीने अंगठा पात्यावरून फिरवला. आयुष्यभर प्रत्येक नळावरून फिरवला होता तसाच. मग परत म्यानात, आणि मनाला कसं बरं वाटलं.

पुढच्या रविवारी पुन्हा काढली, तर पात्यावर अंगठा. तपकिरी, गंजाचा, स्पष्ट. मामांच्या उजव्या अंगठ्यावर जुन्या अपघाताची आडवी चीर होती; एकदा चाकाने नळ हिसकावून घेतला होता त्या वेळची. ती चीरसुद्धा गंजात जशीच्या तशी उमटली होती. पोलिसांना याहून स्वच्छ ठसा कुणी देत नाही. चोरी पकडली जाणार, आणि चोराने सही करून ठेवली होती.

खरं म्हणजे तेव्हाच मामींना फोन करायचा. पण माणसाच्या हाताला जे काम येतं तेच त्याच्या डोक्याला सुचतं. डाग? डाग म्हणजे चाक. कारखाना बंद होता, पण बफिंगच्या खोलीची किल्ली मामांकडे असायची. म्यान चादरीत गुंडाळून ते मागच्या दाराने आत गेले. मऊ कापडी चाक चढवलं, त्याला पॉलिशची बारीक वडी लावली आणि मशीन सुरू केलं. मामा मूर्ख नव्हते. पोलाद तापलं की त्याचा जीव जातो, हे त्यांना ठाऊक होतं. हलका हात, क्षणभर चाकाला आणि लगेच बाजूला, उलटा तळवा लावून ऊब बघायची, पुन्हा क्षणभर. अंगठा गेला. पण अंगठा गेला तिथे एक चकचकीत टिकली राहिली आणि बाकीचं पातं तिच्यापुढे मळकट दिसायला लागलं. तेव्हा मामांनी टिकली रुंद केली. मग तेवढा पट्टा केला. मग एक बाजू झाली, आणि एक बाजू झाल्यावर दुसरी तशी कशी ठेवायची?

मशीन थांबवलं तेव्हा हातात आरसा होता. असं काम मामांच्या हातून क्वचितच उतरलं असेल. खिडकीची चौकट, छताचे पत्रे, स्वतःच्या भुवईचा एकेक केस, सगळं त्यात दिसत होतं. मामा खूश झाले. मामी येतील, काढतील, थक्क होतील, हे चित्र त्यांनी डोळ्यांपुढे रंगवलंसुद्धा. मामींसारखं पातं तिरकं करून त्यांनी दिव्याचा उजेड त्यावरून घसरवला. उजेड घसरला तो सरळ टोकावरून खाली गेला. मध्ये कुठे अडला नाही. त्यांनी उलट्या बाजूने धरलं, खिडकीशी नेलं, चष्मा काढून बघितलं. रेघ नव्हती.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मामांचा डबा तसाच राहिला. शेवटी त्यांनी ठसेवाल्याला बाजूला घेतलं. ठसेवाला म्हणजे नळांवर ॲसिडने कंपनीचं चिन्ह उमटवणारा माणूस. मेणाचा पातळ थर देऊन, त्यावर कोरून, तो पोलादावर केसाएवढी नक्षी काढू शकायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हसला.

"मामा, एवढ्यासाठी तोंड पाडून बसलात? हा आपल्या डाव्या हातचा मळ आहे. मामी यायच्या आत रेघ जागेवर."

"कळणार नाही ना?"

"आधीची तरी कुठे कळली होती कुणाला, खरी की खोटी ते?" त्याने खडू पुढे केला आणि लोखंडी टेबलाकडे बोट दाखवलं. "फक्त कशी होती तेवढं काढून द्या."

मामांनी खडू घेतला. टेबलावर एक नागमोडी रेघ काढली. बरी दिसेना म्हणून पुसली. दुसरी काढली.

"लाटा सगळ्या सारख्या होत्या का लहानमोठ्या?" ठसेवाल्याने विचारलं. "धारेला लागून जायच्या का वर चढायच्या? टोकाशी काय व्हायचं, वळायची का विरायची? आणि दोन्ही बाजूंना एकच नक्षी का वेगवेगळी?"

मामा खडू धरून उभे राहिले. इतके रविवार ती रेघ त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती. ती त्यांना पुन्हा पुन्हा दाखवली होती. आणि त्यांना सांगता येईना, की ती कशी होती. नळ पुसायच्या फडक्याने त्यांनी टेबल स्वच्छ पुसलं. आपण फार वाईट माणूस आहोत असं त्यांना वाटलं, आणि तलवार बिघडवली यापेक्षा ते काहीतरी वेगळंच वाईट होतं.

"राहू दे," ते म्हणाले.

मामी परतल्या त्या संध्याकाळी त्यांनी बॅग खाली ठेवायच्या आत मामांनी सगळं सांगून टाकलं. अंगठा, गंज, चाक, ठसेवाला, खडूसुद्धा. मामींनी हात धुतले, पुसले, तलवार काढली. आरशात त्यांना प्रवासाने दमलेला त्यांचाच चेहरा दिसला.

"यात मी दिसतेय," त्या म्हणाल्या.

दुसरं काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या, भांडल्या असत्या, तर मामांची सुटका झाली असती. पण त्यांनी तलवार म्यानात घातली, कपाटात ठेवली आणि त्या आठवड्यात वर्गाला गेल्या नाहीत. रविवारी चादर अंथरली नाही. मामींनी वर्तमानपत्र वाचलं, आणि मामा रिकाम्या टेबलाकडे बघत बसले.

शेवटी सरच विचारपूस करायला घरी आले. एरवी ते शाळेत भूगोल शिकवायचे, बोलणं मोजकं. त्यांनी पातं डोळ्यांसमोर आडवं धरून सरळ आहे का पाहिलं, मग मामांना विचारलं, "किती तापलं होतं?"

"हाताला सोसेल एवढंच. तापल्याचा रंग चढू दिला नाही."

"मग धार गेलेली नसावी." सरांनी टेबलावर बोटाने काढून दाखवलं. खरी रेघ असेल तर ती कुणी काढलेली नसते. पातं घडवून झालं की लोहार त्यावर चिखल थापतो. पाठीवर जाड, धारेकडे पातळ. मग लाल होईपर्यंत तापवतो आणि एका झटक्यात पाण्यात घालतो. उघडी धार पटकन निवते आणि काचेसारखी कडक होते. चिखलाखालची पाठ सावकाश निवते आणि लवचीक राहते. जिथे कडक संपतं आणि मऊ सुरू होतं, तिथे ती रेघ. "एका श्वासात होतं सगळं," सर म्हणाले. "पुन्हा करता येत नाही."

"म्हणजे ती वर नसते?" मामांनी विचारलं.

"आरपार असते. चाकाने वरचं पोलाद लिंपल्यासारखं झालंय, म्हणून दिसत नाही. दगडावर सावकाश घासलं तर येईल. असली तर. ॲसिडची असेल, तर गेली ती गेली."

मामींनी इतके दिवस जी मूठ झाकून ठेवली होती ती आता मामांनी उघडायला लावली होती. न घासता असंच ठेवलं तर कधीच कळणार नव्हतं, आणि कधीच न कळणं हेही एक प्रकारचं सुख असतं. सर मामींकडे बघत होते. मामी मामांकडे बघत होत्या.

"तुम्ही घालवलीत," त्या म्हणाल्या. "तुम्हीच शोधा."

सरांनी दगड दिले. एकापेक्षा एक मऊ, शेवटचा तर साबणासारखा लागणारा, अंगठ्याखाली मावेल एवढा तुकडा. कारखान्यातून आल्यावर मामा खिडकीशी बसू लागले. मुठीतली बांबूची खुंटी काढून पातं सुटं करायचं, पाठीकडून फडक्यात धरायचं, दगड पाण्यात बुडवायचा आणि घासायचं. एका दगडाचे ओरखडे आडवे, पुढच्याचे तिरके, म्हणजे आधीचे गेले का ते कळतं. बारीक होत जाणं हे मामांना नवीन नव्हतं. चाकावरही तेच असतं. नवीन होता तो सावकाशपणा. ज्या हाताने पापणी लवायच्या आत नळ उजळला, तो हात तासभर घासून नखाएवढी जागा करायचा, आणि ती जागाही उजळायची नाही, राखाडी व्हायची. स्वतःच्या हाताने वस्तू मळकी करायची, हे मामांच्या जिवावर यायचं. पहिल्या दिवशी त्यांनी दगड इतका दाबला की नवे ओरखडे पडले. तेव्हा मामी एवढंच म्हणाल्या, "तो नळ नाहीये."

रोजचं घासून झालं की मामी पातं घेत, पाणी पुसत, तेलाचा हात देत आणि ठेवून देत. पण बघत नसत. ज्या बाईच्या डोळ्यांतून कात्रीवरचा डाग सुटला नाही, ती मान दुसरीकडे करून पातं पुसायची. मामांना ते दिसायचं.

दिवस गेले. मुठीजवळची वीतभर जागा राखाडी झाली आणि राखाडीच राहिली. मामांच्या मनात रंगाऱ्याचं म्हणणं घर करू लागलं. एकदा तर ठसेवालाही मनात डोकावून गेला. आता मळक्या पात्यावर रेघ काढणं आणखी सोपं होतं. पण काढायची कशी, हा प्रश्न अजून तिथेच उभा होता. मामांनी दगड पाण्यात बुडवला.

त्या संध्याकाळी शेवटचा मऊ तुकडा चालू होता. आतल्या खोलीत मामी कपबशा विसळत होत्या. मामांनी दगडाचा चिखल पुसला, पातं जरा कलतं केलं, आणि त्यांना वाटलं, आपल्याच श्वासाची वाफ बसली. त्यांनी फडक्याने पुसली. गेली नाही. श्वास रोखून पुन्हा पुसली. ती तिथेच होती.

धारेकडचा भाग पांढुरका झाला होता आणि वरचा काळसर, आणि दोघांच्या मध्ये, खरं सांगायचं तर, रेघ नव्हतीच. मामी रेघ म्हणत नव्हत्या ते त्यांना आता आठवलं. त्या धुकं म्हणायच्या. बारीक बारीक कण होते, पिठाहून बारीक, कुठे दाट आणि कुठे विरळ, आणि पातं केसभर फिरवलं की सगळे मिळून हलल्यासारखे वाटायचे. मामांनी आयुष्यभर धातू हाताळला होता. धातूच्या आत काही असतं, हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. कुठल्यातरी अनोळखी माणसाने, कुठल्यातरी दिवशी, लाल पातं पाण्यात घातलं. एका श्वासात काहीतरी झालं आणि संपलं. आणि ते इथे होतं. मामांच्या गंजलेल्या अंगठ्याखाली होतं, चाकाखाली होतं, त्या आरशाखाली होतं, आणि त्याला काही म्हणता काही झालं नव्हतं. मामांच्या अंगावर काटा आला.

घासण्याचा आवाज थांबला म्हणून आतून मामींनी विचारलं, "का थांबलात?"

"दिसतंय," मामा म्हणाले.

नळ बंद झाल्याचा आवाज आला. मामी बाहेर आल्या नाहीत. मग त्यांनी तिथूनच विचारलं.

"काय दिसतंय?"

हाच प्रश्न त्यांनी दर रविवारी विचारला होता. मामांनी पातं दिव्याशी नेलं आणि बघत बघत सांगायला लागले. "मुठीपाशी अगदी धारेलगत आहे, खाली. मग चढतंय. हळूहळू नाही, एकदम. वर एक गोल होतं आणि उतरतंय. मग दुसरं, पहिल्यापेक्षा ठेंगणं. त्याच्या नंतर..." त्यांनी पातं फिरवलं. "त्याच्या नंतर थोडं सपाट."

"सपाटीच्या वर एक ठिपका सुटा आहे," मामी आतून म्हणाल्या. "थेंब उडाल्यासारखा."

मामांनी पाहिलं. सपाटीच्या वर, काळसर भागात, एकटाच, पांढरा ठिपका होता. त्यांना तो आधी दिसला नव्हता.

"आहे," ते म्हणाले. मग त्यांचा आवाज बदलला. "आणि पुढे?"

पुढे अजून आरसा होता. तिथे दगड लागला नव्हता. मामींनी आतून, न बघता, सांगितलं. पुढे तीन बारीक लाटा, एकमेकींना चिकटून. मग लांब सपाटी. मग एक मोठी, सगळ्यांत उंच, मुठीकडे झुकलेली, मागे वळून बघितल्यासारखी. मग पुन्हा लहान लहान, आणि टोकाशी गेल्यावर ती पाठीकडे वळते आणि विरते. सांगताना त्या एकदाही अडल्या नाहीत. मामा हातातल्या चकचकीत पात्याकडे बघत ऐकत होते. त्यात त्यांना त्यांचा चेहरा दिसत होता, आणि तो त्यांना मध्येच आल्यासारखा वाटत होता.

मग संध्याकाळमागून संध्याकाळ दगड पुढे सरकत गेला. आधी तीन बारीक आल्या, चिकटून. मग सपाटी. मामी अजूनही मान दुसरीकडे करूनच पुसत, पण आता ते वेगळ्या कारणाने आहे, हे मामांना कळत होतं. पुढच्या गोष्टी त्यांना मामांच्या तोंडून ऐकायच्या होत्या. मामाही रोज सांगत, आणि रोज त्यांना सांगण्यासारखं जास्त सापडत होतं. कारखान्यात ते हल्ली एखादा नळ चाकाला लावण्याआधी उगाच उजेडात धरून बघत बसायचे, आणि ठसेवाला इतरांना डोळा मारायचा.

ती मोठी आली तेव्हा रविवार होता, सकाळची वेळ. मामांनी चिखल पुसला आणि पातं कलतं केलं. ती सगळ्यांत उंच होती आणि मुठीकडे झुकलेली होती.

"अगं, इकडे ये," ते म्हणाले.

मामी आल्या. त्यांचे हात साबणाने ओले होते; ते त्यांनी मागे धरले. "मी शिवणार नाही. तुम्हीच धरा."

मामांनी आधी अंगठा फडक्याला नीट पुसला. मग फडक्यातून पातं उचललं, खिडकीकडे केलं आणि उजेड त्यावरून हळूहळू, मुठीकडून टोकाकडे जाऊ दिला. दोघं बघत राहिली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं.

"छान आहे," मामा म्हणाले.

काय छान आहे, ते मामींनी विचारलं नाही.